ताई, तुमचा तवा रडतोय

"ताई, तुमचा तवा रडतोय."

सकाळचे साडेसात. मी चहा गाळत होते. एका हातात गाळणी, खांदा आणि कान यांच्या मध्ये फोन.

"रडतोय म्हणजे?"

"म्हणजे काल रात्री घासून ओट्यावर पालथा घातला होता. आत्ता उचलला तर खाली तांबडे ओघळ. सासूबाई म्हणतायत, हे कसलं अवलक्षण आणलंस घरात."

तवा आठवड्यापूर्वी आमच्याकडून गेलेला. खोक्यात माहितीपत्रक, खोक्यावर क्यूआर कोड, कोडावर मोबाइल धरला की माझा व्हिडिओ. मी जरा ताठ आवाजात विचारलं, "व्हिडिओ बघितलात का तुम्ही?"

"बघितला ना. छान आहे. ती बासरी फार छान आहे."

अकरा मिनिटं चाळीस सेकंदांच्या व्हिडिओतून त्या बाईंपर्यंत बासरी तेवढी पोचली होती.

धाकट्या भावाची शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्री आहे. फाउंड्री म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं काही नाही. एक शेड, एक भट्टी, हाताखाली मोजकी माणसं. काम जॉबवर्कचं. पंपाची बॉडी, व्हॉल्व्हची बॉडी, कुणाच्या तरी मशिनचे ब्रॅकेट. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची तेव्हापासून कोल्हापूरला ओतकामाची सवय आहे, त्यामुळे असं काम करणारी शेड दर गल्लीत सापडते. २०२० च्या टाळेबंदीत ऑर्डरी थांबल्या. वाळू होती, भट्टी होती, माणसं हात बांधून बसलेली. आमच्या आजीचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा माळ्यावर पडून होता, तो घेऊन भाऊ पॅटर्नवाल्याकडे, म्हणजे साच्यासाठी नमुना करून देणाऱ्याकडे, गेला. ओतीव लोखंड निवताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा वाढवून करावा लागतो. तसं केलं नसतं तर आजीच्या तव्याची सगळी पोरं तिच्यापेक्षा तसूभर खुजी निघाली असती.

तवे झाले, आधी नातेवाइकांत गेले, मग ओळखीत, मग अनोळखी लोकांत. आणि अनोळखी लोकांत गेले तसे फोन सुरू झाले.

भाऊ म्हणाला, "आक्का, तू शाळेत शिकवत होतीस. तूच एक व्हिडिओ कर." मी अठरा वर्षं मराठी शिकवलं. समजावून सांगणं हे आपलं हातखंडा काम आहे असा माझा समज होता. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. वर्गातली पोरं कंटाळली तरी उठून जाऊ शकत नाहीत.

तर तो पहिला व्हिडिओ. आधी चौदा सेकंद आमच्या तव्याचं चिन्ह गोल गोल फिरतं, मागे बासरी. मग मी, इस्त्रीची साडी, "नमस्कार, आपलं मनःपूर्वक स्वागत." मग इतिहास: चीनमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ओतीव लोखंड होतं. मग शास्त्र: शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, पण त्यात कार्बन मिसळला की ११५० ते १२०० च्या आसपास त्याचं पाणी होतं, म्हणून ते साच्यात ओतता येतं, बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त, बहुधा अडीच ते चार. मग फायदे. चौथ्या मिनिटाला मी एकदाची तव्याला हात लावते. हे सगळं खरं आहे आणि मला अजूनही आवडतं. पण ज्या बाईचा तवा गॅसवर आहे आणि पिठाचं पातेलं शेजारी आहे, तिला इसवी सनापूर्वीचं पाचवं शतक काय कामाचं?

यूट्यूब व्हिडिओ टाकणाऱ्याला एक आलेख दाखवतं. कुठल्या सेकंदाला किती माणसं बघत होती याची रेघ. माझी रेघ पहिल्या अर्ध्या मिनिटात कड्यावरून ढकलल्यासारखी खाली गेली होती. नमस्कार होईपर्यंत निम्मी मंडळी उठून गेलेली. नंतर मात्र त्या सपाट रेघेवर दोन उंचवटे होते. उंचवटा म्हणजे लोक तिथं मागे जाऊन पुन्हा पुन्हा बघतायत. मी हरखले. इथं आपलं काहीतरी फार आवडलंय! भावाच्या बायकोनं तो तुकडा लावून बघितला आणि म्हणाली, "आवडलं नाही ओ, दिसलंच नाही. तुम्ही म्हणता पातळ थर द्या, आणि नेमका तुमचा हात तव्यावर आडवा."

दुसरा उंचवटा 'सीझनिंग' या शब्दावर होता. त्याची गंमत वेगळी.

तव्यावर तेलाचा थर तापवून बसवायच्या कामाला सगळे तेच म्हणतात, म्हणून मीही म्हणाले होते, "आता आपण तव्याचं सीझनिंग करू." महिन्याभरात तिघांच्या तक्रारी आल्या, की खोक्यात सीझनिंगचं पाकीट मिळालं नाही. मला आधी कळेना. मग एकजण म्हणाला, "पिझ्झाबरोबर येतं तसलं असेल ना ते? ते टाकायला विसरला तुम्ही." पुण्याला हॉस्टेलवर राहणारा मुलगा होता. त्याचं काय चुकलं? त्यानं तो शब्द त्या छोट्या पाकिटांवरच वाचलेला.

शब्द शोधायला म्हणून मी आईकडे गेले. ती म्हणाली, "शब्द कशाला लागतोय? नव्या तव्याला वळण लावायचं." हे सुंदर आहे, पण व्हिडिओच्या नावात 'तव्याला वळण' लिहिलं तर लोकांना वाटेल तवा वाकडा आहे. शेजारच्या काकू 'तवा तेलावणं' म्हणाल्या. फाउंड्रीतला मोल्डर, म्हणजे साचे करणारा, म्हणाला, "तवा मुरवायचा." लोणचं मुरतं, तसा तवा. मुरायला वेळ लागतो, मुरल्यावर चव बदलते, आणि घाई केली तर नासतं, हे सगळं त्या एका शब्दात न सांगता येतं. तोच घेतला.

आता तवा मुरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे सांगायला मला एक उदाहरण सापडायला वर्ष गेलं. आधी मी 'तेलाचं पॉलिमर होतं' असं म्हणत होते आणि समोरचा मान डोलावत होता. शिक्षकाला ही मान ओळखता येते, ती 'पुढे चला' म्हणणारी मान असते. उदाहरण आमच्याच स्वयंपाकघरात होतं. तळणाच्या कढईला बाहेरून, बुडाच्या कडेला, जो पिवळट-तपकिरी चिकट पापुद्रा बसतो, जो तारेच्या घासणीलाही दाद देत नाही, तो कसा बसतो? ओघळलेलं तेल आचेवर पुन्हा पुन्हा तापतं, त्याचे कण एकमेकांत गुंततात आणि तेल तेल राहत नाही, त्याचं एक घट्ट आवरण होतं. दिवाळीच्या आधी आपण ज्याच्याशी झगडतो, तेच आपल्याला तव्याच्या वरच्या अंगाला हवंय. हे सांगितलं की बायका हसतात. आणि मग पुढचं सांगावं लागत नाही.

पुढचं म्हणजे थराची जाडी. सगळा घोळ तिथंच असतो. 'पातळ' हा शब्द निरुपयोगी आहे. ज्याच्या त्याच्या घरचं पातळ वेगळं. आमच्याकडची पातळ भाजी पुण्याच्या पाहुण्यांना घट्ट वाटते. लोक तव्यावर चमचाभर तेल ओतायचे, ते पसरवायचे आणि आच मोठी करायचे. तेलाचे थेंब जमून त्यांची चिकट, मधासारखी टिकली व्हायची, आणि फोन यायचा, "तवा चिकट झालाय." शेवटी मी म्हणायला लागले: अर्धा चहाचा चमचा तेल लावा, आणि मग ते सगळं परत बाटलीत भरायचंय अशा जिद्दीनं पुसा. तवा ओला नाही, नुसता जरा काळसर दिसला पाहिजे. आमच्या आईला हे वाक्य आवडलं नाही. तेल फुकट घालवायचं शिकवतेस असं तिचं म्हणणं.

तेलाचीही एक कथा आहे, आणि ती माझ्या अतिशहाणपणाची. परदेशी व्हिडिओत जवसाच्या तेलाचं फार कौतुक असतं. शास्त्र बरोबर आहे: जवसाचं तेल सुकतं, म्हणूनच तैलचित्रं काढणारे ते रंगात मिसळतात. मीही छाती पुढे काढून जवस सांगितलं. थर दिसायला देखणा झाला, काळाभोर, चकचकीत. आणि काही आठवड्यांनी एका घरून घावनाचा फोटो आला. पांढऱ्याशुभ्र घावनावर काळे कपचे. थर कडक होता पण ठिसूळ. उलथनं लागलं तसा पापुद्र्यानं सुटला. त्या घरी भावानं स्वतः जाऊन तवा बदलून दिला आणि परत येताना माझ्याशी गाडीत एक शब्द बोलला नाही. आता मी म्हणते, घरात शेंगतेल असेल तर शेंगतेल, सूर्यफुलाचं असेल तर ते. नव्यानं काही विकत आणू नका. वेळ जास्त लागतो, तीन-चार थर द्यावे लागतात, पण ते टिकतात.

परदेशी व्हिडिओंची दुसरी अडचण ओव्हन. तवा पालथा घालून २३० अंशांवर तासभर ठेवा, असं ते सांगतात. आपल्याकडे ओव्हन किती घरांत? आपल्याकडे दोन बर्नरची शेगडी, त्यातला एक मंद. शिवाय बिडाला उष्णता धरून ठेवता येते पण पसरवता येत नाही. ॲल्युमिनियमच्या मानानं ती चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या वेगानं पसरते. म्हणजे बर्नर लहान आणि तवा मोठा असला की मधे भट्टी आणि कडेला थंडी. मग अंश सोडून द्यायचे आणि डोळ्यांनी सांगायचं. मंद आच, दर दोन मिनिटांनी तवा पाव-पाव फिरवा. हलका धूर सुटेल, घाबरू नका, खिडकी उघडा. धूर आपला आपण थांबला की एक थर झाला.

हे 'आपला आपण थांबला की' मी व्हिडिओत दोन सेकंदांत उरकलं होतं. कापाकापी केली होती ना. धूर सुटला, कट, धूर थांबला. प्रत्यक्षात त्याला दहा-बारा मिनिटं लागतात. लोक दोन मिनिटं वाट बघून गॅस बंद करत. व्हिडिओ नेटका करायच्या नादात मी त्यातला वेळच कापून टाकला होता, आणि या कामाला तेलाइतकाच वेळही लागतो. आता मागच्या भिंतीवर घड्याळ दिसेल असा मोबाइल लावते. कापायचं तिथं कापते, पण काटा पुढे सरकलेला दिसतो. एकदा तर कुकरच्या शिट्ट्या आवाजात तशाच राहू दिल्या. बघणाऱ्या बायकांना घड्याळापेक्षा त्या जास्त कळल्या असाव्यात, कारण एकीनं विचारलं, "चौथ्या शिट्टीला बंद केला ना गॅस तुम्ही?"

मोबाइल कुठं लावायचा हाही एक धडा. आधी मी समोरून घ्यायचे, टीव्हीवरच्या पाककृतीसारखं. समोरून घेतलं की माझा उजवा हात बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला येतो, आणि तवा फिरवायचा कुठल्या बाजूला यात माणूस गोंधळतो. आता मोबाइल माझ्या डोक्याच्या मागून, खांद्यावरून खाली बघतो. सोय म्हणाल तर मांडणीची वरची फळी, पोह्यांचा डबा आणि दोन रबरबँड. बघणाऱ्याला स्वतःचेच हात ओट्यावर दिसल्यासारखं वाटतं. माझा चेहरा गेला, साडी गेली, बासरीही गेली. सगळ्यांत जास्त वाईट भावाला वाटलं. बासरीचे त्यानं पैसे दिले होते.

तवा रडण्याच्या त्या फोननंतर मी एक वही केली. फोन आला की तारीख, आणि माणूस बोलला ते वाक्य, त्याच्याच शब्दांत. माझ्या शब्दांत उतरवायचं नाही, हा नियम. शाळेत मी निबंध तपासताना मुलांची वाक्यं नीट करायचे, ती खोड मोडायला वेळ लागला. वहीत अशी वाक्यं जमली: आंबोळी सुटत नाही. हाताला काळं लागतं. पहिलं धिरडं नेहमी वाया. चिंचेची आमटी केली आणि तव्याचा रंग गेला. तवा इंडक्शनवर चालतो का आणि काच फुटेल का. खाली पडला आणि दोन तुकडे झाले, लोखंड कधी फुटतं का, फसवलंत आम्हाला.

(लोखंड फुटतं. बीड फुटतं. कार्बन जास्त म्हणून ते ठिसूळ. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तरी तडा जाऊ शकतो. ज्यांचा फुटला त्यांना हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. ते काम माझं होतं आणि मी तेव्हा चीनमध्ये होते.)

वही चाळताना दिसलं की पंधरा तक्रारींची मुळं तीनच आहेत. जाड थर, अपुरा तापलेला तवा, ओला ठेवलेला तवा. पण पंधरा माणसांना आपला आजार पंधरा वेगवेगळ्या नावांनी माहीत असतो. 'तवा मुरवण्याची शास्त्रीय पद्धत' असं शोधायला कुणी जात नाही. पातेल्यात पीठ आणि तव्यावर खरवडलेली आंबोळी असताना माणूस मोबाइलवर बोलतं, "आंबोळी तव्याला चिकटते." म्हणून मी एकाचे नऊ व्हिडिओ केले, प्रत्येक दीड-दोन मिनिटांचा, आणि त्यांना वहीतलीच नावं दिली. 'आंबोळी सुटत नाही.' 'हाताला काळं लागतं.' दीड मिनिटाचं आणखी एक कारण होतं. बरेच जण यूट्यूबवर जातच नाहीत, त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवावं लागतं, आणि तिथं बराच काळ १६ एमबीच्या वरचा व्हिडिओ जात नसे.

नववा व्हिडिओ होता 'तवा रडतोय'. त्यावरून घरात भांडण झालं.

मला गंजलेला तवा दाखवायचा होता. पहिल्या फ्रेमपासून. आमचाच तवा, आमचंच चिन्ह मुठीवर, आणि त्यावर तांबडी बुरशी आल्यासारखा गंज. भाऊ म्हणाला, "वेड लागलंय का तुला? लोक चकचकीत माल दाखवतात, तू सडका दाखव."

मी त्याला विचारलं, "तू ओतकाम कुठं शिकलास?"

डिप्लोमा म्हणाला आधी. मग हसला. शिकला तो रिजेक्शनच्या ढिगाशी. पहिल्या नोकरीत एक म्हातारा मोल्डर त्याला रोज संध्याकाळी त्या ढिगापाशी उभा करायचा. एकेक वाया गेलेली कास्टिंग उचलायची आणि सांगायचं, हे भोक कशाचं? वायू अडकल्याचं. वायू कुठून आला? वाळू ओली होती. हा खड्डा? हिथं वाळू ढासळली. ही अर्धीच का भरली? धातू निवला होता, ओतताना हात थांबला. चांगली कास्टिंग सगळ्या सारख्याच दिसतात, त्यांच्याकडे बघून काय कळणार, असं तो म्हातारा म्हणायचा. भावानं हे सांगितलं आणि त्याचं त्यालाच कळलं की आपण हरलो. तरी जाता जाता म्हणाला, "चिन्ह तेवढं झाक."

चिन्ह झाकलं नाही मी.

गंज आणायला फार कष्ट पडले नाहीत. जुलै महिना, कोल्हापूरचा पाऊस, भिंतींनाही ओल आलेली. तव्यावर दह्याचा हात फिरवला, धुतला, न पुसता ठेवला. सकाळी तो रडत होता. मग मोबाइल लावून मी एकही शब्द न बोलता तो घासला, काथ्या आणि जाड मीठ घेऊन. गंजाची गोष्ट अशी की तो लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फुगतो आणि सुटतो. घासला की निघतो आणि खाली तवा शाबूत असतो. पाणी तांबडं, मग फिकट, मग स्वच्छ. मग लगेच गॅसवर, पाण्याचा शेवटचा थेंब उडेपर्यंत. मग तेल. मग तेल परत बाटलीत भरण्याची जिद्द. त्या साडेसातच्या बाईंना तो पाठवला. त्यांनी तासाभरानं लिहिलं, "सासूबाईंनी दोनदा बघितला. म्हणाल्या, हिच्याकडेपण गंजतो की."

त्या वाक्यात मला एक सुटका ऐकू आली. तवा बिघडला म्हणून त्या घरात कुणीतरी कुणालातरी बोललं होतं. आमच्या देखण्या पहिल्या व्हिडिओनं त्या बोलण्याला बळच दिलं होतं: बघ, त्या बाईला कसं छान जमतंय.

इतकं सगळं करूनही क्यूआर कोडनं आम्हाला इंगा दाखवलाच. नवे नऊ व्हिडिओ झाले, पण खोकी आधीच छापून ठेवलेली, आणि त्यांवरचा कोड थेट त्या अकरा मिनिटं चाळीस सेकंदांच्या व्हिडिओकडे नेणारा. मला वाटलं होतं, जुना काढून त्याच पत्त्यावर नवा चढवता येईल. यूट्यूबवर ते होत नाही. नवा व्हिडिओ म्हणजे नवा पत्ता. खोक्यांची थप्पी छताला लागलेली. भावानं छपाईवाल्याला फोन केला, दर ऐकला, ठेवला. शेवटी आम्ही जुन्या व्हिडिओखाली नव्यांची यादी टाकली आणि मी त्याच्या सुरुवातीची चौदा सेकंदं आणि चीन कापून काढला. कापायची मुभा आहे, बदलायची नाही. पुढच्या छपाईला कोड आमच्या स्वतःच्या पानाकडे वळवला, म्हणजे मागे काय ठेवायचं ते आपल्या हातात. धंदा करणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर एवढं मात्र खोकी छापायच्या आधी करा.

मालवणकडच्या एका काकूंचा फोन या सगळ्याच्या मधे कधीतरी आला. तवा त्यांच्या मुलानं पाठवलेला. त्यांना तक्रार करायची नव्हती, मला सुधारायचं होतं. त्यांच्याकडे याला नुसतं भिडं म्हणतात. "अगो, फडक्यान कित्याक पुसतंस? नारळाची शेंडी घे." शेंडीचे धागे तेल पितात थोडं आणि लावतात त्याहून थोडं, म्हणजे थर आपोआप पातळ. नाहीतर अर्धा कांदा सुरीला टोचायचा आणि तेलात बुडवून फिरवायचा. मी एवढी बाटलीची उपमा शोधत बसले होते, आणि पातळ थराचा प्रश्न त्यांच्या हातातल्या वस्तूनंच सोडवून टाकला होता. त्यांनी मला व्हॉइस मेसेज पाठवला, आणि त्यांना विचारून तोच आवाज मी एका व्हिडिओवर जसाच्या तसा ठेवला. त्यात मधेच कोंबडा आरवतो.

त्या दिवसापासून मला आठवायला लागलं की लहानपणी आमच्या घरी कुठलीही नवी वस्तू कागद वाचून वापरात आली नाही. पाटा-वरवंट्याला टाकी लावायला बाई यायची, दारातच बसून छिन्नीनं ठोके घालायची, आणि जाताना आजीला सांगायची, पहिल्यांदा तांदूळ वाटून टाकून दे, कच जाईल. नवा माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायचा, हे कुंभारीण सांगायची. कल्हईवाला तर भांड्याचं आख्खं चरित्र सांगे. वस्तू विकणारा किंवा दुरुस्त करणारा माणूस आणि वापरणारी बाई दारात समोरासमोर असायची. तिनं कपाळाला आठी घातली की तो पुन्हा सांगायचा. मोबाइलला माझ्या ग्राहकाची आठी दिसत नाही. ती मला उशिरा, फोनवरून किंवा त्या आलेखाच्या उंचवट्यातून दिसते.

आईचं राहिलं. तिचा तवा कधी गंजत नाही. माझे नऊ व्हिडिओ तंतोतंत पाळले तरी माझा तवा पावसाळ्यात एखादा दिवस डोळे ओले करतो, तिचा नाही. तिला विचारलं तर म्हणते, "मी कुठं काय करते?" एकदा मी तिच्या भाकरी-पोळ्यांचं सगळं चित्रण न थांबवता केलं, चाळीस मिनिटं, आणि रात्री बसून बघितलं. शेवटच्या पोळीनंतर ती गॅस बंद करते. पोळीला तेल लावून बोटं तेलकट झालेली असतात. ती बोटं ती तव्यावर फिरवते, कडेपासून मधे, जसा कुणी झोपलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा. मग तवा तिथंच, कोमट शेगडीवर, झाकायचा नाही, हलवायचा नाही. चार सेकंदांचं काम. तिला तो तुकडा दाखवला. तिनं चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, "हे होय? हात पुसतीय की मी."

तो दहावा व्हिडिओ. बारा सेकंदांचा आहे. नाव 'आई हात पुसते'. हे नाव वहीत कुणी सांगितलं नव्हतं, नियम मोडला मी, आणि कुणी तो शोधूनही येत नाही. पण ज्यांना मी पाठवते ते परत फोन करत नाहीत.

मुठीबद्दल बरेच फोन यायचे, पोळलं म्हणून. त्याचा व्हिडिओ मी लिहायला घेतला होता. भावानं वही बघितली आणि म्हणाला, "हे समजवायला नको, हे बदलायला पाहिजे." पॅटर्नवाल्याकडे जाऊन मूठ लांबवून आणली. तो व्हिडिओ करावाच लागला नाही.

आता आप्पेपात्र ओतलंय. सात खळगे. परवा पहिली दोन नग घरी आणली, अजून हाताला खरखरीत. आई ओट्याशी आली, पीठ ढवळलं, एक खळगा बोटानं चाचपला आणि नाक मुरडलं. मी पोह्यांचा डबा फळीवर सरकवला, रबरबँड ताणले, मोबाइल लावला.

"काय सांगायचंय ह्यात?" तिनं विचारलं.

"काही नाही. तू कर. मी मधे बोलणार नाही."

"आणि चिकटलं तर?"

"तर बरंच," मी म्हटलं, आणि लाल बटण दाबलं.